केबल पंचायतीत आली, पुढे काय?

पीकपाहणी, विम्याचा अर्ज, सातबारा सारे आता फोनवर आले. इंटरनेट ही शेतीचीच बाब झाली. २०१६ साली जिओ बाजारात उतरली, कंपन्यांत चढाओढ लागली आणि दर कोसळले. हे खासगी स्पर्धेचेच देणे, नाकारू नये. पण कंपनी गिऱ्हाईक मोजून टॉवर उभारते. डोंगराआडच्या ४० उंबऱ्यांच्या वाडीला ती कशाला येईल? तिथे सरकारी पैसाच लागतो. तो कंपन्यांच्या उत्पन्नावरील ५ टक्के आकारणीतून जमतो. म्हणजे तुमच्याच रिचार्जमधून! त्यातूनच २०११ साली मंजूर झालेली आणि पुढे ‘भारतनेट’ नाव मिळालेली योजना ग्रामपंचायतीपर्यंत केबल आणते.

दुखणे त्यापुढचे. केबल पुरायला पैसा मिळाला, देखभाल मागे पडली. रस्ता खोदताना केबल तुटली की पंचायतीतली पेटी मुकी! कालव्याला पाणी आहे, पण पोटचारी फुटलेली, तशी गत. २०२३ साली मंजूर झालेल्या सुधारित योजनेत १० वर्षांची देखभाल धरली आहे. तेव्हा येत्या ग्रामसभेत विचारा: आपली पेटी चालू आहे का? केबल तुटली तर कळवायचे कुणाला? घरी जोडणी कोण देणार? उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्या.