तीन दगडांची चूल आणि झिक्रीतची शेगडी

आपली मंडळी वनभोजनाला निघाली की काय होते ते तुम्हांला ठाऊकच आहे. समुद्रकाठी फिलाओच्या सावलीत असो वा डोंगराच्या वाटेवर, पोचल्याबरोबर कोणी तीन दगड शोधतो, मुले काटक्या गोळा करतात आणि थोड्याच वेळात टोपात भात रटरटू लागतो. मी अशीच वाढले. आणि याच सवयीने गेल्या डिसेंबरच्या सुट्टीत कतारमध्ये माझी फजिती झाली.

माझा धाकटा भाऊ दोह्याला नोकरीला आहे. तिकडे हिवाळ्यात, साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, लोक राहुट्या घेऊन वाळवंटात जातात. आम्ही पश्चिम किनाऱ्याकडील झिक्रीतला गेलो. चुनखडीच्या टेकड्यांतून दोन तास चाललो, भूक लागली, आणि मी तीन दगड मांडून एका काटेरी झुडपाची वाळकी फांदी मोडायला गेले. दहा वर्षांचा भाचा ओरडला, "आत्या, तोडू नकोस! आणि जमिनीवर जाळ नाही करायचा!"

भाच्याचे खरे होते. वनस्पतींच्या रक्षणासाठी कतारने 1995 साली कायदा केला आहे. छावणीच्या नियमांत उघड्या जमिनीवर आग पेटवायला मनाई आहे. आग भांड्यात किंवा शेगडीतच हवी. कारण साधे आहे. तिथे वर्षाला जेमतेम 75-80 मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या क्युरपिपला तेवढा एका महिन्यात पडून जातो. अशा जमिनीवरचा जाळाचा काळा डाग धुऊन निघायला फार काळ लागतो आणि तोडलेली फांदी पुन्हा फुटायलाही.

मग भावाने पिशवीतून पत्र्याची वीतभर उंच शेगडी काढली. घरून आणलेल्या, बोटाएवढ्या जाड ढलप्या तिच्यात भरल्या आणि वरून पेटवल्या. शेगडीला दोन भिंती असतात, एकात एक ठेवलेल्या दोन डब्यांसारख्या. हवा खालच्या भोकांतून शिरते, दोन भिंतींमध्ये तापते आणि आतल्या डब्याच्या वरच्या भोकांतून बाहेर पडते. तिथे धूरच पेट घेतो. म्हणून जाळ मोठा, धूर थोडा आणि सरपण मूठभर. चौघांची मुगाची खिचडी दोन भरणांत शिजली. राख थंड झाल्यावर डब्यात भरून परत आणली.

कोणी म्हणेल, मग गॅस का नको? गॅस सोपा आहे, हे मी नाकारत नाही. वारा असला की लाकडाची शेगडी रुसते, भांडे काळे होते आणि तिच्यापाशी सतत बसावे लागते. पण मला शिक्षिका म्हणून तेच हवे आहे. गॅसची कळ फिरवणाऱ्या मुलाला एका जेवणाला किती लाकूड जळते हे कसे कळणार? मात्र ही शेगडी राहुटीत कधीही नेऊ नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपेतला माणूस उठत नाही.

सरपणासाठी झाडच हवे असेही नाही. पुण्याच्या 'आरती' संस्थेने उसाच्या पाचटापासून कोळसा करून दाखवला आणि 2002 साली लंडनचा अ‍ॅशडेन पुरस्कार मिळवला. ऊस तर आपल्या दारात आहे!

आमचे एक वडीलधारे म्हणाले, "बाई, तीन दगडांवरच्या भाताची चव तुझ्या डब्याला येणार नाही." त्यांच्याशी मी वाद घातला नाही. घरच्या अंगणात त्यांनी खुशाल दगड मांडावेत. पण शाळेची किंवा मंडळाची सहल निघेल तेव्हा शेगडी आणि सरपण घरून न्यावे, परवानगी असेल तिथेच पेटवावे आणि राख परत आणावी, असे माझे स्पष्ट मत आहे. फिलाओच्या मुळांशी दर सोमवारी दिसणारे काळे खळगे आपणच केलेले आहेत.

माझ्या वर्गाची पहिली खिचडी या सत्रात शाळेच्या अंगणातच शिजणार आहे. आतले लहान डबे चौदा जमले, बाहेरचे मोठे मात्र पाचच आहेत. ज्यांच्या घरी दुधाच्या भुकटीचे मोठे डबे रिकामे होतात, त्यांनी ते फेकू नयेत. मुलांच्या हाती पाठवावेत.