एआयचं पहिलं बटण

नवशिक्याने ॲपचं पहिलं बटण स्वतःच लिहावं, एआयला विचारू नये, नाहीतर पाया कच्चा राहतो, असं बरेच जुनेजाणते प्रोग्रॅमर बजावतात. पायाची काळजी रास्तच. पण त्यांच्यातल्या कितीजणांचं पहिलं बटण स्वतःचं होतं? २००८मध्ये स्टॅक ओव्हरफ्लो हे प्रोग्रॅमरांचं प्रश्नोत्तरांचं संकेतस्थळ आलं आणि एका अख्ख्या पिढीने तिथला कोड जसाच्या तसा उचलला. तिथे बाळबोध शंका विचारली, तर 'हे आधीच विचारून झालंय' म्हणून प्रश्नच बंद व्हायचा. एआयला तोच प्रश्न दहा वेळा विचारा, तो कंटाळत नाही.

एआयची बटणं एकसारखी दिसतात, हा आणखी एक आक्षेप. दिसू देत की! 'पैसे पाठवा'वर कलाविष्कार हवाय कुणाला?

एआय चुकतो, हे मात्र खरं, आणि त्याच्या चुका फसव्या असतात. कधी तो बटणाऐवजी क्लिक होणारी साधी 'डिव्ह' चौकट देतो. माउसने ती चालते, पण टॅबची कळ तिच्यावर थांबत नाही आणि स्क्रीन वाचून दाखवणारं अँड्रॉइडचं टॉकबॅक तिला बटण म्हणत नाही. कधी फॉर्ममध्ये खरं बटण देतो, पण त्याचा प्रकार लिहायचा राहतो. मग ब्राउझर ते 'सबमिट' धरतो आणि दाबताच पान नव्याने लोड होऊन भरलेलं सगळं पुसलं जाऊ शकतं. मराठीची तऱ्हा आणखी वेगळी. गुगलच्या मटेरियल डिझाइनच्या जुन्या आवृत्तीत बटणावरची इंग्रजी अक्षरं कॅपिटल आणि जराशी सुटी असत. तेच अंतर 'पुढे जा'ला लावलं की शिरोरेषा तुटते. उंची आखडती ठेवली की उकार छाटला जातो, तो वेगळाच.

पण याच कारणासाठी मी म्हणतो, एआयची सुरुवात बटणापासूनच करा. लॉगिनच्या कोडमधली सुरक्षेची चूक नवशिक्याला दिसणारच नाही. बटणाचा कोड एका स्क्रीनवर मावतो, ओळ न् ओळ वाचता येतो आणि त्यातली बहुतेक खोट फोनवर आणि कळफलकाने तपासली की लगेच कळते. एआयला पकडायला शिकायचं, तर इतकी स्वस्त जागा दुसरी नाही.

मात्र 'छान बटण बनवून दे' एवढ्यावर भागत नाही. दाबलेलं, बंद असलेलं, उत्तराची वाट पाहणारं अशा अवस्था मागा. नेट संथ असताना घाईत दोनदा दाबलं तर पैसे दोनदा जातील का, ते विचारा. दाबायच्या जागेसाठी ॲपल ४४ पॉइंट सांगतं, अँड्रॉइड ४८ डीपी, आणि वेब सुलभतेच्या २०२३च्या डब्ल्यूसीएजी २.२ निकषांत किमान २४ पिक्सेल पुरतात, हा फरक का? साध्या आकाराच्या अक्षरांना ४.५:१ कॉन्ट्रास्ट लागतो, तो इथे आहे का? उत्तर आलं की तपासून घ्या, कारण आकडेही तो ठोकून देतो.

कोड तोंडपाठ लिहायला लावणाऱ्या क्लासांनी एकदा परीक्षेत एआयने लिहिलेलं बटणच द्यावं, विद्यार्थ्यांचे माउस काढून घ्यावेत आणि त्यातल्या चुका शोधायला सांगावं.