विलायतेला जा, पण वारा बघून जा



नारळी पौर्णिमा झाली, दर्याला नारळ दिला. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस बंद असलेली मासेमारी सुरू झाली. जेटीवर परत गडबड, बर्फाच्या गाड्या, डिझेलसाठी रांग. बघून बरं वाटतं. पण आमच्या वाड्यावरच्या दोन होड्या यंदा पाण्यात उतरल्याच नाहीत. चुडतांच्या खोपीत तशाच पडून आहेत. एकीचं इंजिन विकलं गेलं, दुसरीची जाळी. का म्हणून विचारलं तर दोन्ही घरांतून एकच उत्तर मिळालं, "झील विलायतेक गेलो."

आधीच सांगतो, कोणाला अडवण्यासाठी हे लिहीत नाही. माझा सख्खा पुतण्या जहाजावर आहे, त्याच्या पैशावर घराची स्लॅब पडली. दर्यावरचा माणूस बाहेर गेला नाही असा काळ कधी नव्हता. माझं म्हणणं जाण्याबद्दल नाही, कसं जातो त्याबद्दल आहे. ते थोडं कडू लागेल, पण संस्थेचा सचिव म्हणून बोलायला हवं.

आमच्या ओळखीच्या एका तात्यांची गोष्ट सांगतो, नाव सांगणार नाही. २०२२ मध्ये एका एजंटाने त्यांना सांगितलं, तुमचा जन्म १९६१ च्या आधीचा आहे, पोर्तुगीज पासपोर्ट काढा, मुलगा थेट लंडनला कामाला लागेल. तात्यांनी लहान होडी इंजिनासकट विकली, वर सोनं गहाण ठेवलं. दोन वर्षं कागद लिस्बनला जात-येत राहिले. शेवटी मुलाच्या हातात पासपोर्ट आला. खरा पासपोर्ट, खोटा नव्हे. आणि मग कळलं की त्या पासपोर्टावर आता लंडनला काम करता येत नाही. मुलगा आज लिस्बनमध्ये एका हॉटेलच्या मोरीवर भांडी घासतो. भाषा येत नाही. खोलीचं भाडं भागवून उरेल ते घरी पाठवतो. तात्या रोज संध्याकाळी जेटीवर येऊन बसतात, दुसऱ्यांच्या होड्या मोजतात.

एजंट सरळसरळ खोटं बोलला नाही, हे लक्षात घ्या. पासपोर्ट मिळेल म्हणाला, मिळाला. फक्त वारा फिरलाय एवढं सांगितलं नाही.

आपल्या धंद्यातला माणूस वारा ओळखतो. अंजदीव बेट काणकोण-कारवारकडच्या आपल्या सगळ्यांनी पाहिलंय. वास्को द गामा १४९८ मध्ये पहिल्यांदा आला तेव्हा परत जाताना तिथे थांबला होता, गलबतं दुरुस्त केली होती. येताना त्याने आफ्रिकेच्या मालिंदी बंदरातून तिथल्या राजाने दिलेला वाटाड्या सोबत घेतला होता आणि वाराही पाठीवर होता. तीन-चार आठवड्यांत तो कालिकतजवळ पोचला. जाताना ऑक्टोबरच्या सुरुवातीला, वारा धरायच्या आधीच अंजदीवहून निघाला. वाटाड्या नाही, वारा नाही. तोच समुद्र ओलांडायला जवळजवळ तीन महिने लागले आणि कितीतरी खलाशी हिरड्या सुजून, अंग सुजून वाटेतच मेले. समुद्र एकच, माणसं तीच. फरक फक्त वाऱ्याचा आणि माहितगाराचा. आपली पोरं आज दुसऱ्या पद्धतीने निघालीत, म्हणून काळजी वाटते.

आता मुद्द्याचं बोलूया.

पहिला मुद्दा पासपोर्टचा. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्या माणसाला पोर्तुगालचा कायदा आपला नागरिक म्हणून मान्यता देतो. लिस्बनला जन्माची नोंद घातली की पुढे मुलांना आणि नातवंडांना तो हक्क मागता येतो. पोर्तुगाल युरोपच्या संघात असल्यामुळे आणि ब्रिटनही त्या संघात होता म्हणून, त्या पासपोर्टावर आपले लोक स्विंडनला, साउथॉलला जाऊन राहिले. गोदामात, पॅकिंगला, कारखान्यात कामाला लागले. कष्ट केले, घरं बांधली. हे सगळं खरं आहे.

पण ३१ जानेवारी २०२० ला ब्रिटन संघातून बाहेर पडलं. मोकळेपणाने जाऊन काम करायची सोय ३१ डिसेंबर २०२० ला संपली. जे त्या तारखेआधी तिथे राहत होते, त्यांना ३० जून २०२१ पर्यंत अर्ज करायचा होता. त्यांच्या जवळच्या कुटुंबीयांसाठी अजून काही वाट आहे. बाकीच्यांसाठी आज पोर्तुगीज पासपोर्ट म्हणजे लंडनला फिरून यायची सोय. राहून कमवायची नव्हे. पोर्तुगाल, फ्रान्स, जर्मनी इथे काम करता येतं, पण तिथे इंग्रजीवर भागत नाही. तरीसुद्धा अजून आपल्या वाड्यांवर "पोर्तुगीज पासपोर्ट म्हणजे लंडन" हेच बोललं जातं. आजचा माल म्हणून २०१५ सालची बातमी विकली जातेय. शिळं मासळीचं पाट आपण डोळे बघून ओळखतो, कल्ले उघडून बघतो. मग एजंटाच्या बोलण्याचे कल्ले का उघडत नाही?

दुसरा मुद्दा, जो फारसा कोणी सांगत नाही. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. नागरिकत्व कायदा १९५५, कलम ९. आपल्या मर्जीने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं जातं. भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो. तो लपवून वापरत राहणं गुन्हा आहे. नंतर ओसीआय कार्ड मिळू शकतं, त्यावर येता-जाता येतं, राहता येतं. पण मत देता येत नाही, पंचायतीला उभं राहता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही.

आता विचार करा. आपली भांडणं कशाची आहेत? किनाऱ्याची, जेटीची, एलईडी लाईट लावून मासे ओढणाऱ्यांची. केंद्राने २०१७ मध्येच एलईडी मासेमारीवर बंदी घातली, तरी रात्री समुद्राकडे बघा, दिवाळी दिसते. ती बंदी पाळायला लावायची तर पंचायतीत, विधानसभेत आपलं मत लागतं. ज्या घरातली सगळी तरणी माणसं परदेशी नागरिक झाली, त्या घराचं वजन किनाऱ्यावर किती राहील? रापणकारांनी सत्तरच्या दशकात ट्रॉलरविरुद्ध लढा दिला, त्याच्या रेट्याने १९८० चा गोव्याचा सागरी मासेमारी कायदा आला. ते लढले कारण ते इथे होते.

घरातले कागदही तपासा. होडीची नोंदणी, परवाना, डिझेलवरच्या व्हॅटचा परतावा, संस्थेचं सभासदत्व, सगळं कोणाच्या तरी नावावर असतं. तो माणूस नागरिकत्व बदलणार असेल तर आधी मच्छीमार खात्यात आणि संस्थेत येऊन विचारा, नावं बदलायची ती वेळेत बदला. नंतर लिस्बनहून सही आणता आणता हंगाम निघून जातो.

तिसरा मुद्दा, विलायतेच्या मासेमारी बोटींचा. काही पोरांना सांगतात, तुला जाळं येतं, स्कॉटलंडच्या ट्रॉलरवर चल. त्या बोटींवर खरोखर परदेशी खलाशी आहेत, फिलिपिन्सचे, घानाचे, आपल्या भारतातले. पण कसे, ते ऐका. पुष्कळ वर्षं ही माणसं 'ट्रान्झिट' व्हिसावर नेली गेली. म्हणजे कागदावर तो नुसता बोट पकडायला आलेला प्रवासी. त्यामुळे १२ सागरी मैलांच्या बाहेरच काम करायचं, आणि बंदराला लागल्यावर राहायचं बोटीतच. जमिनीवर घर नाही, हक्काचा डॉक्टर नाही, मालकाशी बिनसलं तर जायला जागा नाही. १२ मैलांच्या आत काम करायचं तर कामाचा व्हिसा लागतो, हे तिथल्या सरकारने आता स्पष्ट केलंय. त्या व्हिसाला परवानाधारक मालक लागतो, इंग्रजीची परीक्षा लागते, ठरलेला पगार लागतो. पगाराची सर्वसाधारण मर्यादा एप्रिल २०२४ मध्ये वर्षाला २६,२०० पौंडांवरून ३८,७०० पौंडांवर नेली आणि त्यानंतर आणखी वाढवली.

म्हणून कोणी बोटीवरचं काम देत असेल तर तीन प्रश्न विचारा. व्हिसा कुठल्या प्रकारचा? मालकाचं नाव ब्रिटिश सरकारच्या परवानाधारकांच्या यादीत आहे काय? (ती यादी नेटवर फुकट बघायला मिळते.) करारात झोपायला किती तास आणि पगार कोणत्या खात्यात? उत्तर देताना एजंट चिडला, तर उत्तर मिळालं असं समजा.

आणखी एक. परदेशात कामाला माणसं पाठवणाऱ्या एजंटाकडे १९८३ च्या कायद्याखाली केंद्र सरकारचं नोंदणी प्रमाणपत्र लागतं. ई-मायग्रेटच्या वेबसाईटवर नाव तपासता येतं. त्याने आपल्याकडून घ्यायची सेवा फी जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी. पावतीसकट. लाखांत आकडा बोलणारा आणि पावती न देणारा माणूस एजंट नव्हे, दलालही नव्हे. त्याला आपल्याकडे वेगळा शब्द आहे, तो इथे लिहीत नाही.

आता काही जण म्हणतील, सचिव, तुम्ही खुर्चीवर बसून बोलता, समुद्रात उरलंय काय? बांगडा मिळत नाही, तारली कधी येते कधी नाही, डिझेल परवडत नाही. पोराने काय करावं?

बरोबर आहे. मी स्वतः अठरा वर्षं पाण्यावर काढली, मग टेबलावर आलो. मला माहीत आहे. नुसतं "दर्या आपली आई" म्हणून पोट भरत नाही. पण एक हिशेब सांगा. आपल्या ट्रॉलरवर खलाशी कोण आहेत? ओडिशाचे, झारखंडचे. म्हणजे आपली पोरं ज्या कामाला नको म्हणतात, त्याच कामासाठी दुसऱ्याची पोरं दोन दिवस रेल्वेने येतात. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये हेच खलाशी आपल्या जेटींवर बोटींतच अडकून पडले होते. आणि ऑगस्ट २०२४ मध्ये कुटबण जेटीवर कॉलरा झाला, त्यात काही खलाशी दगावले. कशाने? प्यायला धड पाणी नाही, पुरेसे संडास नाहीत, आणि एकेका बोटीवर दाटीवाटीने राहणारी माणसं.

स्कॉटलंडला आपला पोर बोटीत झोपतो म्हणून आपलं काळीज तुटतं. मग आपल्या बोटीत झोपणारा तो पोर कोणाचा? त्याचीही आई कुठेतरी फोनची वाट बघते. दुसऱ्या देशाने आपल्या माणसाला नीट वागवावं असं म्हणायचा अधिकार हवा असेल, तर आधी आपल्या जेटीवर नळ आणि संडास हवेत. हे मी बोटमालकांना सांगतोय, त्यात माझा चुलतभाऊही आहे, तो रागावला तरी चालेल.

तेव्हा माझं मत असं. ज्याला जायचंय त्याने जावं. पण होडी विकून नव्हे. कागद न वाचता नव्हे. घरातल्या सगळ्यांचं नागरिकत्व एकाच डावावर लावून नव्हे. एक जण गेला तर एक जण मागे राहावा. होडी विकण्यापेक्षा वाट्याने चालवायला द्या. वाड्यावर होडी नसलेले तरुण आहेत, त्यांना अर्ध्या वाट्याने द्या. पोर परत आला तर त्याला परत यायला काहीतरी शिल्लक असेल. तात्यांच्या मुलाला आज परत यायचंय. पण येऊन करणार काय, होडीच नाही.

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत मी तीन गोष्टी मांडणार आहे. एक, एजंटाला पैसे देण्याआधी ज्याला हवं त्याने कागद संस्थेच्या कार्यालयात आणावेत, आपण चार माणसं बसून वाचू. वकिलाचा खर्च संस्थेने उचलावा. दोन, बाहेर जाऊन आलेले आपले लोक सुट्टीवर येतात, त्यांनी वर्षातून एकदा पोरांसमोर बसून खरं सांगावं, पगारही आणि थंडीही. फोटोतली गाडी नको, महिन्याचा हिशेब हवा. तीन, पडून असलेल्या होड्या आणि होडी नसलेले तरुण यांची यादी करून संस्थेने दोघांना एकत्र आणावं.

ज्यांना पटत नाही त्यांनी सभेला येऊन उघड बोलावं. मागून बोलू नये. आणि ज्यांच्या घरात सध्या पासपोर्टचं बोलणं चाललंय, त्यांनी सभेची वाट बघू नये. मी रोज सकाळी मासळीचा लिलाव आटपला की कार्यालयात असतो. चहा माझ्याकडून.

गेलेले सगळे सुखरूप घराक येवोत, हेच दर्याकडे मागणं.

– सचिव