दस्तऐवज कोणाच्या वखारीत?

संगणकाच्या पडद्यावरील एक नाव गेल्या तीस वर्षांत कसे बदलत गेले, हे पाहण्यासारखे आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या विंडोज ९५ या कार्यप्रणालीत, यंत्रातील सर्व कप्प्यांकडे नेणाऱ्या चिन्हाखाली 'माय कॉम्प्युटर', म्हणजे माझा संगणक, असे लिहिलेले असे. २००७ मध्ये व्हिस्टा आली आणि 'माझा' गळून नुसता 'कॉम्प्युटर' उरला. २०१३ च्या विंडोज ८.१ मध्ये त्याचा 'धिस पीसी' झाला. केवळ पाट्या बदलल्या, असे म्हणून हा विषय सोडून देता आला असता. परंतु पाट्यांबरोबर घराची रचनाही बदलत होती आणि अखेरीस घराचा पत्ताच बदलला.

हे सारेच बदल निषेधार्ह होते असे नाही. विंडोज ९८ मध्ये सामान्यतः सर्वांची कागदपत्रे एकाच उघड्या फोल्डरात पडत. विंडोज २००० आणि २००१ ची एक्सपी यांनी प्रत्येकाला स्वतंत्र दालन दिले. ते 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज' अशा लांबलचक नावाच्या फोल्डरात असे. व्हिस्टाने हे नाव 'यूजर्स' असे सुटसुटीत केले आणि दस्तऐवजांच्या पोटात कोंबलेली छायाचित्रे व गाणी बाहेर काढून त्यांना वेगळी जागा दिली. व्यवस्था म्हणून ही सुधारणाच होती. जुन्या पत्त्यावर येणाऱ्या प्रोग्रॅमांसाठी तिने तेथे छुपे दुवेही ठेवले. प्रोग्रॅम त्यांवरून बिनबोभाट नव्या जागी पोचत. माणसाने तोच फोल्डर शोधून उघडू पाहिला, तर मात्र प्रवेश नाकारल्याचा संदेश येई. त्यालाही तांत्रिक कारण होते. पण कारकुनाला वाट मोकळी आणि मालकाला मज्जाव, हा प्रकार सामान्य वापरणाऱ्याला कोणी समजावून सांगितला नाही.

अशा प्रत्येक फेरबदलाला खर्च येतो आणि तो कंपनीच्या ताळेबंदात कोठेही दिसत नाही. कामगार संघटनेच्या कचेरीत वर्गणीचा हिशेब ठेवणारी व्यक्ती महिनोन्महिने घालवून फाईल कोठे असते हे शिकते. नवी आवृत्ती येते आणि ते शिकणे मोडीत निघते. हा खर्च तिच्या वेळेतून वसूल होतो. तिने दुसऱ्या दुकानात जावे म्हटले, तर सारे कागद याच दुकानाच्या साच्यात भरलेले!

ऑक्टोबर २०१८ मध्ये हा प्रश्न केवळ वेळेचा राहिला नाही. विंडोज १० च्या त्या महिन्यातील आवृत्तीने, आपले फोल्डर अन्यत्र हलविलेल्या काही लोकांचे जुन्या जागचे फोल्डर निरुपयोगी समजून आतल्या फायलींसह पुसून टाकले. कंपनीला वितरण थांबवावे लागले. दुरुस्त आवृत्ती नोव्हेंबरमध्ये निघाली. फायली गेल्याच्या तक्रारी दहा हजारांत एक इतक्याच असल्याचे कंपनीने सांगितले. ज्याचे दप्तर गेले, त्याने या सरासरीचे काय करावे?

तरीही तो अपघात होता. २०२४ मध्ये जे आढळले ते धोरण आहे. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने प्रवेश करून विंडोज ११ नव्याने बसविताना डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे फोल्डर वापरणाऱ्याला न विचारता वनड्राइव्हमध्ये, म्हणजे कंपनीच्या दूरस्थ साठवणुकीशी जोडलेल्या फोल्डरात, वळविले जात असल्याचे दिसून आले. नाव तेच, चिन्ह तेच, पत्ता निराळा. तेथील फुकट जागा ५ जीबी. २०१६ पूर्वी ती १५ जीबी होती. ती भरली की भाडे सुरू. आग, चोरी वा बिघाड यांपासून दस्तऐवज वाचविण्यास दुसरी प्रत असणे आवश्यक आहे, हे कोणीही नाकारणार नाही. परंतु आपण होऊन बँकेत ठेव ठेवणे वेगळे आणि बँकेने घरी येऊन तिजोरी उचलून नेणे वेगळे.

फोल्डरांची पुनर्रचना निराळ्या रीतीनेही होऊ शकते. लिनक्स घराण्यातील फेडोरा या प्रणालीच्या २०१२ च्या सतराव्या आवृत्तीने मूळ प्रोग्रॅमांच्या अनेक वर्षांच्या जागा बदलल्या. त्याची कारणे आधी जाहीर लिहिली गेली, त्यांवर कडाक्याचे वाद झाले, आणि जुन्या पत्त्यांवर ठेवलेले दुवे माणसांनाही खुले राहिले. वापरणाऱ्याच्या स्वतःच्या 'होम' फोल्डराला या फेरबदलाने हात लावला नाही.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला, त्यामुळे पुष्कळ लहान संस्था विंडोज ११ कडे वळत आहेत. त्यांनी डॉक्युमेंट्स फोल्डरावर माऊसची उजवी कळ दाबून 'प्रॉपर्टीज' उघडावे आणि पत्त्यात 'वनड्राइव्ह' हा शब्द आहे का ते पाहावे. तो असल्यास, सभासदांची यादी व वर्गणीचे हिशेब कोठे राहावेत हा विषय कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत घ्यावा लागेल.