उतारवयातला सूर



बाईचं वय झालं की तिची कला संपली, असं नकळत आपणही मानतो. तमाशाच्या बोर्डावर तर तरुणपण आहे तोवरच बाईला मोल. वाईच्या यमुनाबाई वाईकरांनी हा हिशेब खोटा ठरवला. १९१५ साली सातारा जिल्ह्यात, कोल्हाटी समाजात त्या जन्मल्या. त्यांची खासियत बैठकीची लावणी. बसून गायचं, एकच ओळ फिरून फिरून घ्यायची आणि चेहऱ्याने, हातांनी दर वेळी नवा भाव दाखवायचा. इथे वय आड येत नाही, उलट कामी येतं. उतारवयातही त्या गात राहिल्या. २०१२ साली पद्मश्री मिळाली तेव्हा त्या ९६ वर्षांच्या होत्या. २०१८ साली त्या गेल्या.

मला मात्र प्रश्न पडतो, मानासाठी ९६ वर्षं जगणं किती जणींना जमेल? शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव सर्वांना ठाऊक आहेत. त्यांच्या लावण्या ज्या बायकांच्या गळ्यातून गावोगाव पोचल्या, त्यांतली पवळाबाईंखेरीज किती नावं आपण सांगू शकू?

वृद्ध कलावंतांसाठी सरकारी मानधन आहे, पण अर्जाला पुरावे लागतात. फडात आयुष्य काढलेल्या बाईकडे कागद कुठले असणार? म्हणून सातारा-सांगलीच्या गटांनी गावातल्या थकलेल्या गायिकेकडे जाऊन बसावं. तिचा अर्ज भरावा, तिची लावणी तिच्या नावानिशी नोंदवावी. ती शिकवायला तयार असेल, तर आपल्यातल्या एखादीने शिकावंही. शाल-नारळ नंतर!