शब्द त्यांचे, जमीन आपली



शेत आपण करायचं आणि त्याला नावं ठेवायची साहेबानं! नांगर कधी धरला नाय, पण कागदावर एक शब्द लिहिला की आपली दोन एकर गेली. म्हणून आम्ही या वेळी शब्दच घेतले आहेत. ज्यांना वाचता येतं त्यांनी पाड्यात मोठ्यानं वाचून दाखवा.

राब : टहाळ, पालापाचोळा, शेण पसरून आपण रोपाचा तुकडा भाजतो. तण मरतं, राखेचं खत होतं. पाऊस पडला की त्यात भाताचं, नागलीचं रोप धरतं, मग आवणी. त्यांच्या कागदावर याचं नाव 'जंगल जाळले'.

वरकस : उताराची जमीन. दोन-तीन वर्षं नागली-वरई घेतली की तिला विसावा द्यावा लागतो. कागदावर ती 'पडीक'. अरे, बैल झाडाखाली बसला म्हणून तो मेला काय?

सातबारा : हे दोन नमुने आहेत. सात सांगतो जमीन कुणाच्या नावावर, बारा सांगतो तिच्यात पीक काय. आपल्या प्लॉटच्या सातवर वनखातं, आणि बारामध्ये आपली नागली दिसतच नाही. पीक खाल्लं आपण, पण कागद म्हणतो पिकलंच नाय.

अतिक्रमण : हा सगळ्यात खोटा शब्द. गाव नमुना एक-ई या वहीत आपल्या बापजाद्यांची नावं 'अतिक्रमणदार' म्हणून लिहिली, दंड घेतला, पावत्या दिल्या. पण 2006 च्या वनहक्क कायद्याच्या सुरुवातीलाच सरकारनं कबूल केलंय की जंगलात राहणाऱ्यांवर ऐतिहासिक अन्याय झाला. मग चोर कोण?

आणि ऐका, त्या पावत्या फाडू नका, चुलीत घालू नका! 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून आपण कसतो, याचा तो सरकारच्याच हातचा पुरावा आहे. आपण घातलेला बांध, सपाट केलेली खाचरं, हाही पुरावा. म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाब, तोही पुरावा. एकावर थांबू नका, दोन तरी जोडा.

आर : 40 गुंठ्यांचा एकर आपल्याला ठाऊक आहे. पट्ट्यावर मात्र 'आर' लिहितात. एक आर म्हणजे जवळपास एक गुंठा, 100 आर म्हणजे एक हेक्टर, अडीच एकर. कायदा चार हेक्टरपर्यंत कसत असलेली जमीन देतो. दोन एकर कसणाऱ्याच्या हातात 10 आरचा पट्टा ठेवून फोटो काढतात, टाळ्या वाजवतात. हिशोब करा : 80 गुंठ्यांतले 10 दिले, 70 खाल्ले!

असा पट्टा घेतला म्हणजे विषय मिटला नाय. उपविभागीय समितीच्या निर्णयावर 60 दिवसांच्या आत जिल्हा समितीकडे अर्ज करता येतो. दाव्याची तपासणी पुरी होईपर्यंत जमिनीवरून कुणाला हटवता येत नाही. कुणी गडी ट्रेंच खोदायला आला तर त्याला हेच सांगा. आणि पट्ट्यावर नवरा-बायको दोघांचं नाव पाहिजे. आवणीत वाकते ती बाई, मग कागदावर एकटा गडी का?

पुढच्या ग्रामसभेला सगळ्यांनी या, बायांनी आधी या. पेटीतले जुने कागद घेऊन या. ठरावात आपले शब्द लिहायला लावा : राब, वरकस, खाचर, बांध. न वाचता अंगठा देऊ नका.

शब्द आपला राहिला तर जमीन आपली राहील.

जोहार! जिंदाबाद!