हात जोडलेला इमोजी आणि राहून गेलेला फोन

गेल्या महिन्यात एका मैत्रिणीचं स्टेटस दिसलं, 'बाबा गेले.' मी बसमध्ये होते. हात जोडलेला इमोजी पाठवला आणि बोट पुढे सरकवलं. पुढचा रील विनोदी होता. मी हसलेसुद्धा! दोन थांबे गेल्यावर एकदम आठवलं, बारावीत आम्ही तिच्याच घरी अभ्यास करायचो आणि हेच काका आमच्यासाठी गरम भजी आणायचे.

तुमच्याही बाबतीत असं कधी झालंय का?

याचा अर्थ आपण दगड झालो, असा नाही. दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून बघायला थोडा वेळ लागतो आणि स्क्रोलिंग नेमका तोच वेळ देत नाही. पूर्वी वेबसाइटवर पान संपलं की 'पुढे' वर क्लिक करावं लागायचं. तिथे क्षणभर थांबणं व्हायचं. २००६ मध्ये एझा रास्किन यांनी 'इन्फिनिट स्क्रोल' तयार केलं आणि तो थांबाच गेला. नंतर त्यांनी स्वतःच याची खंत बोलून दाखवली. आता कुणाचं निधन, कुणाचा डान्स आणि कपड्यांचा सेल, सगळं एकाच रांगेत येतं.

मग सगळा दोष फोनचाच का? तसंही नाही. अमेरिकेत सारा कोनरॅथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९७९ ते २००९ या काळात कॉलेजच्या विद्यार्थ्यांमधली सहानुभूती घटलेली दिसली. पण त्यांच्याच पुढच्या अभ्यासात २००८ नंतर ती पुन्हा वाढताना दिसली, म्हणजे अगदी स्मार्टफोनच्या काळात! सहानुभूती कायमची आटत नाही. तिला फक्त जागा करून द्यावी लागते.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये अशी जागा केली. संध्याकाळी ७ वाजता भोंगा वाजला की दीड तास टीव्ही आणि मोबाईल बंद!

आपल्या घरात भोंगा नसतो, पण एक छोटा नियम आपणही करू शकतो. ओळखीच्या माणसाचं दुःख स्क्रीनवर दिसलं की बोट पुढे सरकवायचं नाही. ॲप बंद करायचं आणि फोन लावायचा. शब्द सुचले नाहीत तरी चालेल. नुसतं ऐकायचं.

त्या रात्री मी मैत्रिणीला फोन केला. काय बोलावं कळेना. तीच म्हणाली, "तुला बाबांची भजी आठवतात गं?" मग आम्ही दोघी खूप रडलो आणि थोड्या हसलोही.

तुमचाही असा एखादा फोन राहून गेलाय का? मग हा लेख वाचून झाल्यावर पुढे स्क्रोल करू नका. आधी तो नंबर लावा.